वाघमारेबाईंची पेटी

वाघमारेबाई कुठलीही वस्तू आधी कागदाची करायच्या आणि मगच खरी आणायच्या. टेबल घ्यायचं असो, खाट असो की माठाखालची तिवई, जुनं वर्तमानपत्र जमिनीवर पसरायचं, त्या मापाचं कापायचं, जागेवर अंथरायचं आणि दोन दिवस त्याच्या कडेकडेनं वावरून बघायचं. चुकून पाय पडला की म्हणायच्या, "बघा, अडतंय." मग ती वस्तू रद्द.

आम्ही लोहाऱ्याला नवीन आलो होतो. माझं माहेर तुळजापूरचं, ह्यांची बँकेतली बदलीची नोकरी. ह्यांनी लोखंडी कपाट घ्यायचं ठरवलं तेव्हा शेजारच्या बाई न बोलावता कात्री घेऊन हजर झाल्या. कागद अंथरला. कपाट बसत होतं. मी खूश. मग बाईंनी दुसरा कागद कापला, कपाटाच्या उघड्या दाराचा. तो थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात गेला.

"वैनी, कपाट उघडलं की तुमी सैपाकघरात अडकता," बाई म्हणाल्या. "साहेबांना चालत आसंल तर घ्या."

साहेबांना चाललं असतं, असं मला अजूनही वाटतं. पण कपाट राहिलं ते राहिलंच.

बाई ठेंगण्या होत्या, अंगानं भरलेल्या, आणि आवाज असा की बाजाराच्या दिवशीसुद्धा गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. त्यांचे यजमान वाघमारे गुरुजी प्राथमिक शाळेत शिक्षक. माणूस इतका शांत, की घरात दोघांच्या वाट्याचं बाईच बोलून टाकतात असं आम्ही म्हणायचो. गुरुजींना एकच नाद होता, रेडिओ उघडायचा. उघडलेला रेडिओ परत लागायचाही, हे विशेष.

बाईंचा टायपिंगचा क्लास बाजारामागच्या गल्लीत होता. पत्र्याची लांबट खोली आणि सगळी जुनी मशीनं, त्यांतल्या एकाचा 'र' कायम अडकायचा. प्रत्येक मशीनच्या कळांवर बाईंनी स्वतः शिवलेली कापडी झालर होती. हात झालरीखाली, नजर समोरच्या कागदावर. एखाद्या मुलीनं झालर उचलून कळा बघितल्या की बाईंना पाठमोऱ्या असूनही कळायचं. "आपल्याच घरात कंदील घिऊन फिरतीस व्हय गं?" असं विचारायच्या. पोरगी झालर सोडून द्यायची.

मी वेळ जात नाही म्हणून शिकायला गेले आणि वर्षभरात तिथंच मराठी टायपिंग शिकवायला लागले. पहिल्या दिवशी बाईंनी मला पाणी विचारलं नाही. उन्हातून आलेली, मीच माठाकडे गेले आणि प्याले, तर त्या नुसत्या बघत राहिल्या. पुढे बऱ्याच दिवसांनी बोलता बोलता म्हणाल्या, "आमी आपण होऊन पाणी विचारत न्हाय, वैनी. समोरच्याला अवघडल्यावानी होतं." मला वाईट वाटलं, एवढं खरं.

क्लासमध्ये येणाऱ्या मुली बहुतेक आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या. दुष्काळ तर आमच्या भागाच्या पाचवीला पुजलेला. पाण्याचा टँकर आला की क्लास अर्धा रिकामा व्हायचा, आणि उशिरा आलेल्या मुलींना बाई एका शब्दानं बोलायच्या नाहीत. एरवी मिनिटभर उशीर झाला तर आख्खी गल्ली ऐकायची. उन्हाळ्यात यातल्या कितीतरी जणी रोजगार हमीच्या खडी केंद्रावर दगड फोडायला जायच्या. मंगल नावाची मुलगी तर सकाळी खडी फोडून दुपारी क्लासला यायची. तिची बोटं इतकी ताठरलेली असायची की पहिली दहा मिनिटं बाई तिला मशीनला हात लावू द्यायच्या नाहीत. कोमट पाण्याच्या वाटीत बोटं बुडवून बसवायच्या.

बाईंना त्या बोटांचं माहीत होतं. बहात्तरच्या दुष्काळात, लग्नाआधी, त्या स्वतः खडीवर होत्या. त्या काळाबद्दल त्या रडून कधी बोलल्या नाहीत. सांगायच्या ते असं: "आमी उन्हात, आन् हजरी मांडणारा बाप्या छत्रीखाली. त्येच्या हातात पेन. म्या रोज त्येच्याकडं बघायची. माय म्हणली, का गं त्या बाप्याकडं बघतीस? म्या म्हणलं, बाप्याकडं कोण बघतंय, म्या सावलीकडं बघती." मग पंचायत समितीच्या शिवणवर्गात नाव घातलं, तिथून लग्न, लग्नानंतर गुरुजींच्या पाठिंब्यावर मॅट्रिक आणि टायपिंगच्या परीक्षा. कागद कापायची सवय शिवणवर्गातली. कापड दुसऱ्याचं, चुकलं तर भरून कुठून द्यायचं, म्हणून आधी वर्तमानपत्रावर ब्लाउज बेतायचा. तो बेत त्यांच्या हातात कायमचा राहिला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, त्या सुमाराची गोष्ट. एका दुपारी मंगल पेपरातली नोकरीची जाहिरात टाइप करत होती. मोठ्यानं वाचून टाइप करायची बाईंची पद्धत. टंकलेखन हवं, इंग्रजी इतकं, मराठी इतकं, असं सगळं आपल्या मुलींना जमणारं होतं. शेवटची ओळ वाचून मंगल थांबली. संगणकाचं ज्ञान असणाऱ्यास प्राधान्य, असं होतं ते.

"बाई, हे आमाला कुठं मिळंल?" तिनं विचारलं.

बाईंनी पेपर हातात घेऊन ती ओळ स्वतः वाचली. संध्याकाळी झालरी घड्या करताना त्या म्हणाल्या, "वैनी, माझ्या पोरींना मशीन यायला लागलं तर ह्या लोकांनी मशीनच बदललं. पोरी पुन्हा दाराभायेरच."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कॉम्प्युटरचा ध्यास घेतला. नवा घेणं स्वप्नातही शक्य नव्हतं. पण एका सहकारी संस्थेचे वार्षिक अहवाल बाई वर्षानुवर्षं टाइप करून देत होत्या. त्या संस्थेनं हौसेनं आणलेला कॉम्प्युटर जळून कोपऱ्यात पडला होता. बाई जाऊन चेअरमनच्या पुढ्यात बसल्या आणि तो मिळाल्याशिवाय उठल्या नाहीत. बैलगाडीतून वाजतगाजत म्हणावं तसा तो क्लासवर आला. हिरव्या अक्षरांचा पडदा, कळांचा फळा आणि पत्र्याची चपटी पेटी. गुरुजींनी पेटी उघडली. आत वीजपुरवठ्याचा डबा होता, फ्लॉपीची खाच होती आणि बाकी मोकळं मैदान. सगळ्याला चालवणारा मुख्य बोर्ड, ज्याला मदरबोर्ड म्हणतात, तो कुणीतरी आधीच काढून नेला होता.

गल्लीत चेष्टा सुरू झाली. "बाईंनी कॉम्प्युटरचं टरफल आणलं," असं बँकेत लोक ह्यांना सांगायचे. ह्यांनी घरी येऊन मला सांगितलं आणि मी, कशाला लपवू, हसले.

माझा भाऊ पुण्यात नोकरीला. त्यानं चौकशी करून कळवलं की बुधवार पेठेत बोर्ड मिळेल, पण बोर्ड लहानमोठे असतात, जुन्या पेटीत नवा बसेलच असं नाही, तेव्हा नीट माप घेऊन या. माप म्हटल्यावर बाई फुलल्याच. पेटीच्या तळाशी वर्तमानपत्र अंथरलं, स्क्रूच्या खुंट्यांवर पेन्सिल घासून त्यांच्या खुणा उठवल्या, मागच्या बाजूला जिथं कळांच्या फळ्याची वायर लागते तिथं निळ्या खडूनं रेघ मारली. मग कागद बाहेर काढून टेबलावर कापला. कात्री अशी चालत होती की बघत राहावं. भाचीच्या बारशाला मी पुण्याला निघाले तेव्हा तो कागद बाईंनी माझ्या पिशवीत साडीच्या घडीत ठेवला. "दुमडू नका, वैनी. दुमडला की माप मरतं."

बुधवार पेठेतल्या दुकानदारानं कागद पाहिला आणि माझ्या भावाला विचारलं, "बोर्ड घ्यायचाय की ब्लाउज शिवायचाय?" मला राग आला. पण माणूस कामाचा होता. त्यानं काउंटरवर कागद पसरून त्यावर एकेक बोर्ड ठेवून बघितला. एक कागदापेक्षा थोडा आखूड पडला. दुसरा अगदी काठोकाठ बसला, स्क्रूची भोकंसुद्धा खुणांवर आली. "हाच," मी म्हटलं. इतका तंतोतंत बसलेला सोडून आखूड कोण घेईल?

लोहाऱ्याला आले तेव्हा चौदा एप्रिलची जयंती आठवड्यावर आली होती. जयंतीच्या दिवशी मिरवणुकीनंतर कॉम्प्युटर सुरू होणार, असं बाईंनी केव्हाच जाहीर करून टाकलं होतं. त्यात मिरवण्याचा भाग होता, नाही कसं म्हणू. बाईंना मिरवायला आवडायचं. पण खरं कारण वेगळं होतं, ते त्यांनी मला बोलून दाखवलं होतं. एप्रिल संपला की मुलींचे बाप त्यांना क्लासातून काढून पूर्ण दिवस खडीवर धाडायचे, आणि एकदा गेलेल्या मुली पुन्हा येतीलच असं नसायचं. जयंतीला सगळे बाप गावात येतात. त्यांनी आपली मुलगी त्या मशीनपुढं बसलेली एकदा डोळ्यांनी बघितली, तर मे महिन्यात तिला दुपारची सवड देतील. "सांगून पटत न्हाय, वैनी. दिसलं म्हंजी पटतंय," बाई म्हणाल्या होत्या.

तर बोर्ड आला. मुली भोवती उभ्या. गुरुजींनी तो दोन्ही हातांनी उचलून पेटीत उतरवला. मागची बाजू जुळली, वायरीचं तोंड भोकासमोर आलं. दुसरी बाजू मात्र खाली जाईना. पेटीच्या भिंतीवर बोटभर चढून बसली. गुरुजींनी फिरवून पाहिलं, तिरपं करून पाहिलं.

बाईंनी माझ्याकडून कागद मागून घेतला. बोर्ड बाजूला ठेवून कागदच पेटीत अंथरला. कागदाची एक कड पेटीच्या भिंतीवर वर वळली. बाई त्या वळलेल्या कडेकडे बघत राहिल्या. मग डोक्याला हात लावून खाली बसल्या.

"म्या शिलाई सोडली की हो, वैनी."

ब्लाउज बेतताना बगलेच्या शिवणीत जाणारं कापड जादा सोडतात. बाईंच्या कात्रीनं, त्यांना न विचारता, ते पत्र्याच्या पेटीलाही सोडलं होतं. दुकानातला तो आखूड बोर्डच बरोबर होता. सगळ्यांत आधी गुरुजी हसले. त्यांना हसताना आम्ही क्वचितच पाहिलेलं, त्यामुळे मुली हसल्या, मी हसले, शेवटी बाईसुद्धा डोळे पुसत हसल्या. हसणं थांबलं तेव्हा मंगल म्हणाली, "मग आता, बाई?"

भावाला ट्रंक कॉल लावला. विकलेला माल परत नाही, असं दुकानदाराचं उत्तर. गुरुजी हळूच म्हणाले, "जयंती झाल्यावर बघू." बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते रेडिओ उघडायला निघून गेले.

रात्रभर बाईंनी काय विचार केला मला माहीत नाही. सकाळी त्या पेटी काखेत मारून रशीदभाईंच्या दुकानी निघाल्या आणि मला बोलवायला दारात आल्या. रशीदभाई लग्नाच्या ट्रंका करायचे. त्यांच्या ट्रंकेवर रंगवलेलं कमळ पंचक्रोशीत प्रसिद्ध.

"रशीदभाई, पोरगी वाढली आन् झंपर घट्ट झालं तर काय करता?" बाईंनी विचारलं.

"मै क्या दर्जी हूं, बाई?"

"म्या हाय. बगल उसवायची आन् कळी जोडायची. ह्या पेटीची ही बाजू उसवा, आन् बोटभर भायेर घिऊन पत्रा जोडा."

रशीदभाईंनी पेटी उलटीपालटी करून पाहिली. परदेशी माल कापायला त्यांचा हात धजेना. "काटतूं बाई, पर बादमें मेरेकू बोलू नक्को." बाई म्हणाल्या, चुकलं तर माझं चुकलं, आधीच एकदा चुकलंय. रशीदभाईंनी कडेचा पत्रा कापला. जोडायला हाताशी होता तो एका ट्रंकेचा उरलेला तुकडा, आणि त्यावर अर्धं कमळ आधीच रंगवलेलं होतं. खरवडून देतो म्हणाले. बाईंनी खरवडू दिलं नाही.

बोर्डाच्या पोटाला पत्रा लागला तर पुन्हा जळेल, ही गुरुजींची धास्ती. त्यावर बाईंनी शिवणाच्या डब्यातून शर्टाची बटणं काढून दिली. प्रत्येक स्क्रूखाली एक बटण. मी हे पुढे भावाला सांगितलं तर त्याला खरं वाटेना. पण जयंतीच्या आदल्या दिवशी गुरुजींनी कळ दाबली, पंखा घरघरला, आणि पडद्यावर एक हिरवी रेघ उघडझाप करायला लागली. बाईंनी गुरुजींच्या पाठीवर सगळ्यांदेखत थाप मारली. गुरुजी लाजले.

जयंतीला बाई पांढरी साडी नेसून आल्या. गल्ली निळ्या पताकांनी भरलेली. मिरवणूक क्लासवरून गेली, चौकात सभेला थांबली, आणि मुलींचे आईबाप क्लासच्या दारात गोळा झाले. बाईंनी प्रत्येक मुलीला खुर्चीवर बसवून तिचं नाव इंग्रजीत लिहायला लावलं. कळा त्याच होत्या, जागा त्याच. बोटांना सवय असलेल्या. फक्त झालर नव्हती. मुलीचं नाव पडद्यावर उमटलं की बाई तिच्या बापाला पुढं बोलवायच्या. एक पागोटेवाला आजा बराच वेळ त्या नावाकडे बघून म्हणाला, "वाचून दावा बरं." नातीनं वाचून दाखवलं. त्यानं खिशातून चिरमुऱ्याची पुडी काढून तिच्या हातात ठेवली.

मंगल आली नव्हती. तिच्या वाडीकडची एस. टी. त्या दिवशी आलीच नाही. ती चालत आली, दुपार कलल्यावर, धुळीनं भरलेली, बाप मागं. बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि नेमकी लाईट गेली. पंखा मंदावला, पडदा काळा झाला.

लोक पांगायला लागले. चौकात सभेचा स्पीकर बॅटरीवर चालला होता. त्यावरून पुकारा झाला, आता सत्कार. गावात पहिला कॉम्प्युटर आणल्याबद्दल सौ. वाघमारे बाईंनी मंचावर यावं. मी म्हटलं, "बाई, चला, तुमचं नाव घेताहेत." ज्या बाईंना मिरवायला आवडायचं, त्या जागच्या हलल्या नाहीत. स्पीकरवर पुन्हा नाव झालं. मग तिसऱ्यांदा.

मंगल उठायला लागली. "तुमी जावा, बाई. म्या उद्या येते."

"उद्या तू येशील, पर तुझा बा येतोय व्हय? बस."

तिचा बाप दारात उभा होता. बाई त्याला म्हणाल्या, "तुमीबी बसा, दादा. लाईट आपल्या मर्जीनं येतीय, आपण आपल्या मर्जीनं बसू." तो उंबऱ्यावर टेकला. चौकातून टाळ्यांचा आवाज आला. बाईंच्या वतीनं गुरुजींनी शाल-श्रीफळ स्वीकारलं, असं स्पीकरनं सांगितलं. बाईंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या पदरानं मंगलच्या बोटांवरची धूळ पुसत होत्या.

जूनमध्ये आमची बदली झाली आणि लोहारा सुटलं. बाईंची पुन्हा भेट झाली नाही. मंगलचं पुढं काय झालं म्हणाल, तर ती त्या उन्हाळ्यात क्लासला येत राहिली, इतकंच मला सांगता येतं. पण वाघमारेबाई म्हटलं की मला दिसते ती त्या संध्याकाळची पत्र्याची खोली. लाईट आली. पंखा घरघरला. हिरवी रेघ पुन्हा दिसू लागली. मंगलनं बोट उचललं आणि कळेवर टेकवायच्या आधी तसंच हवेत धरलं. ही वस्तू आपल्या हातानं बिघडेल असं तिला वाटत होतं. उंबऱ्यावरचा बाप उठून उभा राहिला. पांढऱ्या साडीतल्या बाई खुर्चीमागं उभ्या होत्या, आणि तो गल्लीभर ऐकू जाणारा आवाज, मी कधी ऐकला नव्हता इतका खाली आणून त्या म्हणाल्या,

"दाब, बाळ. आपलीच हाय ती."